निर्वाण

बौद्ध साधनेचे अंतिम ध्येय. पाली ग्रंथांत निब्बान. राग, द्वेष आणि मोह यांचा समूळ क्षय होऊन दुःखाचा व पुनर्जन्माच्या फेऱ्याचा शेवट होणे, हा त्याचा आशय. चार आर्यसत्यांपैकी तिसरे सत्य, म्हणजे दुःखनिरोध, ते हेच. जैन परंपरेत आणि भगवद्गीतेतही ही संज्ञा येते. मात्र तिच्यामागचे तत्त्वज्ञान प्रत्येक ठिकाणी निराळे आहे.

मराठीत थोर व्यक्तींच्या मृत्यूला निर्वाण म्हणण्याचा प्रघात असल्याने निर्वाण म्हणजे मरण, असा समज घट्ट बसला आहे. बौद्ध ग्रंथ हाती घेताना तो आधी बाजूला ठेवावा लागतो. परंपरेनुसार गौतम बुद्धांना वयाच्या ३५ व्या वर्षी बोधिवृक्षाखाली निर्वाणाचा साक्षात्कार झाला आणि त्यानंतर ४५ वर्षे ते चारिका करत, म्हणजे गावोगाव फिरत, भिक्षा मागत, संघातली भांडणे मिटवत, आजारी भिक्षूंची सेवा करत जगले. निर्वाण ही जिवंत माणसाच्या चित्तात घडणारी घटना आहे, याला याहून मोठा पुरावा नको.

ती घटना किती साधेपणाने घडू शकते, हे थेरीगाथा या भिक्षुणींच्या पद्यसंग्रहातल्या पटाचारेच्या गाथांत दिसते. अट्ठकथेनुसार, म्हणजे जुन्या पाली टीकेनुसार, नवरा, दोन मुले, आईवडील आणि भाऊ असे सगळे थोड्याच काळात गमावून वेडीपिशी झालेली ही स्त्री पुढे भिक्षुणी झाली. पाय धुताना उंचावरून सखल भागाकडे वाहत जाणारे पाणी ती पाहते आणि तिचे चित्त स्थिर होते. मग दिवा घेऊन ती विहारातल्या खोलीत जाते, अंथरूण पाहते, मंचकावर बसते आणि सुईने दिव्याची वात खाली ओढते. ‘पदीपस्सेव निब्बानं विमोक्खो अहु चेतसो’, असे ती म्हणते. दिवा विझला, तसे चित्त सुटले. समाधीचे अद्‌भुत वर्णन नाही, देवांची पुष्पवृष्टी नाही. रात्री दिवा मालवणारी एक बाई आहे. निर्वाणावरच्या साऱ्या वाङ्मयात इतके नेमके दुसरे काही क्वचितच सापडेल.

विझण्याची ही भाषा बुद्धांच्या उपदेशातच आहे. गयाशीर्षावरील प्रवचनात डोळे, कान, मन, सारे काही जळत आहे आणि ही आग राग, द्वेष, मोहाची आहे, असे ते सांगतात. जंबुखादक नावाच्या परिव्राजकाने, म्हणजे भटक्या संन्याशाने, निर्वाण म्हणजे काय असे बुद्धांचा प्रमुख शिष्य सारिपुत्त याला विचारले, तेव्हा रागक्षय, द्वेषक्षय, मोहक्षय, एवढेच उत्तर मिळाले. पाली ग्रंथ प्रमाण मानणारी थेरवाद परंपरा या वाटेवर स्रोतापन्न, सकृदागामी, अनागामी आणि अर्हत असे चार टप्पे मानते. दहा संयोजने, म्हणजे बंधने, क्रमाक्रमाने तुटत जातात आणि अर्हतपदी एकही उरत नाही.

इतिवुत्तक या पाली ग्रंथात निर्वाणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. विकार संपले पण देह व इंद्रिये अजून आहेत, ते सोपादिशेष. देहही सुटला, ते अनुपादिशेष. दुसऱ्यालाच पुढे परिनिर्वाण म्हणू लागले. ८० व्या वर्षी कुशिनारा येथे, मल्लांच्या शालवनात, बुद्धांचे महापरिनिर्वाण झाले. ‘वयधम्मा सङ्खारा, अप्पमादेन सम्पादेथ’ (घडलेल्या साऱ्या गोष्टी नाशवंत आहेत, सावध राहून ध्येय साधा) हे त्यांचे शेवटचे शब्द. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या चैत्यगृहात डावीकडच्या भिंतीवर हा प्रसंग सुमारे ७ मीटर लांबीच्या शिल्पात कोरला आहे. खाली शोक करणारे अनुयायी आणि वर देवगण आहेत. मधल्या बुद्धमुखावर मात्र दुःखाची रेषाही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्मृतिदिन, ६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन म्हणून पाळला जातो, तो याच दुसऱ्या अर्थाने. त्या दिवशी दादरच्या चैत्यभूमीवर लाखो लोक येतात.

देह सुटल्यावर मुक्त पुरुषाचे काय होते? तो असतो की नसतो? बुद्धांनी हा प्रश्न अव्याकृत, म्हणजे अनुत्तरित, ठेवला. वच्छगोत्त नावाचा परिव्राजक फारच हट्टाला पेटला, तेव्हा त्यांनी त्यालाच उलट विचारले, की समोरची आग विझली तर ती पूर्वेला गेली की पश्चिमेला? इंधन संपले म्हणून आग विझली. ‘कुठे गेली’ हा प्रश्न तिला लागूच पडत नाही. पण म्हणून निर्वाण म्हणजे निव्वळ शून्य, असेही म्हणता येत नाही. उदान या ग्रंथात ‘अजात, अभूत, अकृत, असंस्कृत’ (न जन्मलेले, कारणांनी न घडलेले) असे काही आहे, ते नसते तर जन्मलेल्याला आणि घडवलेल्याला सुटकाच उरली नसती, असे स्पष्ट वचन आहे. धम्मपद तर ‘निब्बानं परमं सुखं’ म्हणून मोकळे होते.

या दोन टोकांमधला ताण पुढच्या पंथांत वादाचा विषय झाला. वैभाषिक पंथाने निर्वाणाला खरोखर अस्तित्वात असलेला असंस्कृत धर्म (इथे धर्म म्हणजे तत्त्व) मानले. सौत्रांतिक पंथाच्या मते तो केवळ अभाव. मिलिंदपञ्ह या पाली संवादग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला सांगतो, की माणूस चालत हिमालयापर्यंत जाऊ शकतो, हिमालय उचलून इथे आणू शकत नाही. मार्गाने निर्वाण गाठता येते, निर्माण करता येत नाही. कारणांतून जन्मलेली गोष्ट नाश पावते, या बौद्ध सिद्धांताला धरूनच हे उत्तर आहे.

महायानी तत्त्वज्ञ नागार्जुनाने वादाची चौकटच मोडली. आपल्या मूलमध्यमककारिका या ग्रंथाच्या २५ व्या प्रकरणात संसार आणि निर्वाण यांत किंचितही भेद नाही, असे तो ठासून सांगतो. दोन्ही स्वभावशून्य, म्हणजे स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व नसलेले, म्हणून एक सोडून दुसरे पकडायचे असे काही राहत नाही. सर्वांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या बोधिसत्त्वाचा महायानातील आदर्श या भूमिकेशी जुळतो. करुणेमुळे तो निर्वाणात विसावत नाही आणि प्रज्ञेमुळे संसारात अडकत नाही; याला अप्रतिष्ठित निर्वाण म्हणतात.

जैन मतात चित्र पार वेगळे आहे. बौद्ध आत्मा मानत नाहीत. जैनांच्या निर्वाणात कर्माचा सगळा मळ झडलेला जीव शुद्ध रूपात उरतो आणि लोकाच्या शिखरावर, सिद्धशिलेपाशी, कायमचा स्थिरावतो. महावीरांचे निर्वाण पावापुरी येथे आश्विन अमावास्येला झाले, परंपरेने इ. स. पू. ५२७ हे वर्ष मानतात आणि वीर निर्वाण संवत तिथूनच मोजला जातो. दिवाळीत जैन मंदिरांत निर्वाण लाडू अर्पण करतात. महाराष्ट्रातील मांगीतुंगी, गजपंथ आणि कुंथलगिरी ही मुनींच्या निर्वाणामुळे सिद्धक्षेत्रे मानली जातात.

गीतेत ‘ब्रह्मनिर्वाण’ दुसऱ्या आणि पाचव्या अध्यायात येते. कामक्रोधातून सुटलेल्या यतीची शांती तिथेही आहे. पण ती ब्रह्माच्या ठायी आहे, आणि ब्रह्मासारखे नित्य तत्त्व बौद्धांना मान्य नाही.

आधुनिक काळात महाराष्ट्रापुरता तरी सर्वांत दूरगामी अर्थ आंबेडकरांनी लावला. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते निब्बान आणि परिनिब्बान यांची स्पष्ट फारकत करतात. निब्बान म्हणजे आत्म्याचा मोक्ष नव्हे, तर याच जन्मी, संसारात असताना मिळणारे सुख. सदाचाराच्या मार्गाने चालता येईल इतका विकारांवर ताबा. पारंपरिक थेरवादाशी इथे खरा मतभेद आहे, कारण तिथे विकार मुळासकट उपटले जाणे अपेक्षित असते, आवरणे पुरत नाही. आंबेडकरांच्या व्याख्येने मात्र नोकरी करणारा, शेतात राबणारा, मुलेबाळे सांभाळणारा उपासकही निर्वाणाच्या कक्षेत आला, आणि १९५६ नंतरच्या महाराष्ट्रातील बौद्ध समाजात बहुतांशी तीच व्याख्या शिकवली जाते.