रक्ताचा सामू आणि अल्कधर्मी पाण्याचा दावा

‘शरीर आम्लधर्मी झाले की रोग जडतात, म्हणून अल्कधर्मी पाणी प्या’ असे सांगणाऱ्या जाहिराती आणि संदेश सतत पसरत असतात. या दाव्यात वापरलेले शब्द रसायनशास्त्राचे असल्यामुळे तो अनेकांना शास्त्रीय वाटतो. तो तपासायचा तर सामू म्हणजे काय आणि रक्त तो कसा राखते, हे मुळापासून पाहावे लागते.

पाण्याचा रेणू क्वचित दुभंगतो आणि हायड्रोजन आयन व हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. हे प्रमाण अत्यल्प आहे: 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या शुद्ध पाण्यात सुमारे 55 कोटी रेणूंमागे एक रेणू दुभंगलेला असतो. अशा लहान संख्या सुटसुटीतपणे मांडण्यासाठी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांचा अभ्यास करणारे सोरेन सोरेनसेन यांनी 1909 मध्ये पीएच, म्हणजेच सामू, ही मोजपट्टी सुचवली. सामू एका अंकाने घटला की हायड्रोजन आयनांची संहती, म्हणजे दर लीटरमधील प्रमाण, दहापट होते. शुद्ध पाण्याचा सामू 7 असतो; त्याहून कमी सामूचा द्रव आम्लधर्मी, तर जास्त सामूचा अल्कधर्मी. निरोगी माणसाच्या धमनीतील रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात राहतो.

7.4 सामू असलेल्या एक लीटर रक्तद्रवात केवळ 40 नॅनोमोल (मोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक, नॅनोमोल हा त्याचा अब्जावा भाग) हायड्रोजन आयन असतात, म्हणजे सुमारे 35 लाख सोडियम आयनांमागे एक. इतक्या थोड्या आयनांची शरीराला एवढी काळजी असण्याचे कारण प्रथिनांत आहे. प्रथिनांच्या साखळीतील काही गट, विशेषतः हिस्टिडिन या अमिनो आम्लाचा गट, परिस्थितीनुसार हायड्रोजन आयन धरतात किंवा सोडतात. त्यामुळे प्रथिनावरील विद्युतभार बदलतो, भारांमधील आकर्षण बदलते आणि त्याबरोबर प्रथिनाचा आकार व कामही बदलते. हिमोग्लोबिन तर याच गुणधर्माचा उपयोग करून घेते: राबणाऱ्या स्नायूत आम्लता वाढली की त्याची ऑक्सिजनवरची पकड सैल होते आणि जिथे गरज आहे तिथेच ऑक्सिजन सुटतो.

दुसरीकडे, आपल्या पेशी दिवसाला सुमारे 15 मोल कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि तो पाण्यात मिसळून कार्बोनिक आम्ल बनते. आम्लाचा हा लोंढा रोजचा असूनही रक्ताचा सामू ढळत नाही. ज्या बफर व्यवस्थेमुळे, म्हणजे आम्ल शोषून सामू स्थिर ठेवणाऱ्या व्यवस्थेमुळे, हे साधते, ती मला जीवरसायनशास्त्रातील सर्वांत सुंदर योजना वाटते.

या व्यवस्थेत बायकार्बोनेट आयन आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड अशी जोडी असते. बायकार्बोनेट हायड्रोजन आयन पकडतो, त्यातून कार्बोनिक आम्ल बनते आणि त्याचे विघटन होऊन पाणी व कार्बन डायऑक्साइड मिळतात. तांबड्या पेशींतील कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर ही अदलाबदल अतिशय वेगाने घडवते. लॉरेन्स हेंडरसन यांनी 1908 मध्ये मांडलेल्या आणि कार्ल हासेलबाल्क यांनी पुढे लॉगरिदमच्या रूपात आणलेल्या समीकरणानुसार सामू हा 6.1 अधिक या दोन संहतींच्या गुणोत्तराचा लॉगरिदम असतो. रक्तद्रवात दर लीटरला बायकार्बोनेट 24 मिलिमोल आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड 1.2 मिलिमोल असतो. त्यांचे गुणोत्तर 20 आणि त्याचा लॉगरिदम 1.3, म्हणून सामू 7.4.

आता अशा एका लीटरमध्ये 12 मिलिमोल तीव्र आम्ल आले असे धरू आणि प्रथिनांचा वाटा तूर्त हिशेबाबाहेर ठेवू. साध्या पाण्यात एवढ्या आम्लाने सामू 2 च्या खाली गेला असता. इथे बायकार्बोनेट 24 वरून 12 वर येईल. हीच घटना बंद भांड्यात घडली, तर तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आतच साठेल, त्याची संहती 13.2 होईल आणि सामू 6.1 च्या आसपास, म्हणजे जीवघेण्या पातळीवर, कोसळेल. रक्त मात्र फुप्फुसांमार्फत हवेला खुले आहे. जादा वायू उच्छ्वासावाटे निघून गेला आणि संहती पुन्हा 1.2 झाली, तर सामू 7.1 राहतो. शिवाय मेंदूतील श्वसनकेंद्र आम्लता ओळखून श्वास वाढवते. त्यामुळे संहती 0.8 पर्यंत उतरली, तर सामू 7.3 च्या जवळ येतो. खर्च झालेले बायकार्बोनेट पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडे भरून काढतात आणि हायड्रोजन आयन अमोनियम व फॉस्फेटच्या रूपात लघवीवाटे बाहेर टाकतात.

या पार्श्वभूमीवर 9 सामू असलेल्या पाण्याचा हिशेब करून पाहावा. त्यात बायकार्बोनेटसारखे क्षार वेगळे मिसळलेले नसतील, तर अशा एका लीटरमध्ये जेमतेम 10 मायक्रोमोल हायड्रॉक्साइड असते आणि जठरातील 2 सामूचा एक मिलिलीटर रस ते पूर्ण उदासीन करतो. क्षार मिसळलेले असले, तरी जास्तीचे बायकार्बोनेट निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात. असे पाणी प्यायल्यावर लघवीत बुडवलेल्या पट्टीचा रंग बदलला, की तो शरीर अल्कधर्मी झाल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्षात लघवीचा सामू साधारण 4.5 ते 8 इतका बदलू शकतो, म्हणूनच रक्ताचा बदलत नाही.

रक्ताचा सामू खरोखर घसरतो तो मधुमेहातील कीटोआम्लता (इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन आम्ले साचणे), मूत्रपिंडे निकामी होणे किंवा फुप्फुसांचे काम मंदावणे अशा गंभीर अवस्थांत. त्याचे निदान धमनीतील रक्ताच्या तपासणीने होते आणि उपचार मूळ कारणावर करावा लागतो: कीटोआम्लतेत इन्सुलिन आणि शिरेतून द्रव, श्वसन मंदावल्यास श्वसनाला आधार.