मराठी पेपरातली नोकरी: बेळगावातल्या कपातीमागची गोष्ट

बेळगावातल्या मराठी पेपरांतून माणसं कमी झाली, त्याची सुरुवात लोक लॉकडाऊनपासून सांगतात. माझ्या मते ती बरीच आधीची आहे.

बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली इथे ‘तरुण भारत’ काढला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि सरकारी कारभार कन्नडकडे वळत गेला. मराठी शाळेत शिकलेल्याला मराठीच्याच जोरावर पोट भरता येईल अशा जागा थोड्या उरल्या. त्यांतली एक पेपराची कचेरी. सीमाप्रश्नावर लिहिणाऱ्याला गावात मान होता. पगार मात्र बेताचाच.

कायद्याचा आधार होता. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याप्रमाणे कपात करताना संपादकाला सहा महिन्यांची, इतर पत्रकारांना तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागे. पण नव्वदच्या दशकापासून देशभरच्या पेपरांत कायम नेमणुकांऐवजी कंत्राटं होऊ लागली. मुदत संपली की माणूस बाहेर, नोटिशीचा प्रश्नच नाही. पेपरातल्या माणसांचे पगार ठरवायला नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी कंत्राटी माणसालाही लागू आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. पण नोकरी टिकवायची असलेला माणूस मालकावर दावा लावतो कधी? तालुक्याच्या वार्ताहराला तर बहुधा नेमणूकपत्रच नसतं. जाहिरातींच्या कमिशनवर भागवायचं. तो गेला तरी कपातीत मोजला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग मार्च २०२० आला. जाहिराती थांबल्या, पानं घटली, संसर्गाच्या भीतीने लोकांनी घरी येणारा पेपर बंद केला. माझ्या ओळखीच्या एका मुद्रितशोधकांना बावीस वर्षांच्या नोकरीनंतर फोन आला: राजीनामा लिहून द्या, हिशेब लवकर होईल. त्यांनी दिला. राजीनामा दिला की कागदावर ती कपात राहत नाही, कपातीची भरपाईही मागता येत नाही, हे त्यांना नंतर कळलं. कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, त्यामुळे कन्नड पेपराचा विषयच नव्हता. कोल्हापुरात चौकशी केली, तर तिथेही माणसं कमीच करत होते.

आता ते एका छापखान्यात लग्नपत्रिका तपासतात, नगावर. लाल पेन खिशात असतंच. ग्रॅच्युइटीसाठी केलेल्या अर्जाचं उत्तर मध्यंतरी आलं, ते कन्नडमध्ये होतं. शेजारच्या पोराने वाचून दाखवलं: पुढची तारीख दिली होती.