जुन्या डेस्कटॉपसाठी रॅम निवडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप संथ झाला की रॅम वाढवून घ्यावी, हा सल्ला बहुतेक वेळा योग्यच असतो. परंतु आमच्या दुकानात येणारे बरेच ग्राहक ‘चार जीबीची रॅम द्या’ एवढेच सांगतात, आणि तेवढ्या माहितीवर रॅम देणे म्हणजे नंबर न तपासता चष्मा बनवून देण्यासारखे आहे. रॅम किती जीबीची, हा प्रश्न शेवटी येतो. ती कोणत्या पिढीची (डीडीआर२, डीडीआर३ की डीडीआर४), कोणत्या बोर्डासाठी, म्हणजे मदरबोर्डासाठी, आणि किती चिपांची, हे त्याआधी पाहावे लागते.

डेस्कटॉपच्या सगळ्या रॅम लांबीने सारख्या, म्हणजे सुमारे सव्वापाच इंच असल्यामुळे त्या एकमेकींच्या जागी चालतील असे वाटते. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना तर पिनही २४०च असतात. पण पहिलीला १.८ व्होल्ट लागतात आणि दुसरीला १.५, म्हणून सोनेरी कडेवरची खाच दोन्हींत मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते. खाच जुळत नसेल तर रॅम जोर लावून कधीही बसवू नये. त्यात स्लॉट तुटतो आणि मग प्रश्न रॅमचा न राहता बोर्डाचा होतो. डीडीआर४ला २८८ पिन आणि १.२ व्होल्ट असतात. ती बाजारात २०१४ साली आली, त्यामुळे त्याआधीच्या यंत्रात ती असणार नाही. मात्र नंतरची काही वर्षे डीडीआर३ आणि डीडीआर४ अशा दोन्ही प्रकारची यंत्रे विकली जात होती, म्हणून केवळ खरेदीच्या सालावरून पिढी ठरवू नये.

खाच जुळली, पिढी जुळली, तरी रॅम चालत नाही असे एक प्रकरण मुंबईत अजून पुष्कळ वापरात असलेल्या जी४१ बोर्डांच्या (जी४१ हे बोर्डावरील चिपसेटचे, म्हणजे रॅम सांभाळणाऱ्या मुख्य चिपेचे नाव) बाबतीत वारंवार घडते, म्हणून ते सविस्तर सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. गेल्या पावसाळ्यात परळच्या एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव कार्यालयातले यंत्र घेऊन आले. देखभाल शुल्काच्या पावत्या काढायच्या तर यंत्र हँग होत होते, म्हणून त्यांनी दुसरीकडून चार जीबीची नवी डीडीआर३ रॅम घेऊन लावली होती. यंत्र सुरू केले की बीप वाजे आणि डिस्प्ले येत नसे. रॅम खराब नव्हती. तिच्यावर एकाच बाजूला आठ चिपा होत्या, म्हणजे प्रत्येक चिप ५१२ एमबीची, चिपांच्या भाषेत चार गिगाबिटची होती. आणि जी४१ चिपसेटला दोन गिगाबिटपर्यंतचीच चिप ओळखता येते. तेच चार जीबी दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा सोळा चिपांवर विभागलेली रॅम लावल्यावर यंत्र पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. लेबलवर याची खूण असते : चार जीबीच्या साध्या डीडीआर३ रॅमवर ‘१आरएक्स८’ असेल तर चिपा आठ, ‘२आरएक्स८’ असेल तर सोळा. लेबल पुसट झाले असेल तर सरळ चिपा मोजाव्यात.

मोजताना एका बाजूला नऊ चिपा आढळल्या तर ती रॅम बहुधा सर्व्हरची समजावी. लॅमिंग्टन रोडवर अशा जुन्या रॅम स्वस्तात मिळतात, पण लेबलवरील १२८०० किंवा १०६०० या आकड्यापुढे ‘आर’ हे अक्षर असेल तर ती साध्या डेस्कटॉपवर चालणार नाही. तेथे ‘यू’ हवे. स्वस्त मिळणाऱ्या चार जीबीच्या डीडीआर२ रॅमपैकी काही फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, हेही घेण्यापूर्वी विचारावे.

वेगाची फार चिंता करू नये. दोन वेगळ्या वेगांच्या रॅम एकत्र लावल्या तर सामान्यतः दोन्ही कमी वेगाने चालतात, आणि जी४१वर १३३३ मेगाहर्ट्झ वेगाची रॅम लावली तरी बोर्डाचा अधिकृत वेग १०६६च आहे. जास्त वेगाच्या रॅमसाठी अधिक पैसे देण्यापेक्षा एकसारख्या दोन रॅम जोडीने घ्याव्यात, कारण ज्या बोर्डांवर दोन चॅनेलची, म्हणजे दोन रॅम एकाच वेळी वापरण्याची, सोय आहे तेथे त्याचा खरा उपयोग होतो, विशेषतः वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तेव्हा.

बोर्डाला मर्यादाही असते. जी३१वर एकूण चार जीबी, जी४१वर आठ आणि एच६१वर सोळा जीबीपर्यंतच रॅम चालते. शिवाय विंडोज ३२ बिटचे असेल तर चार जीबी लावूनही साधारण तीन-सव्वातीन जीबीच वापरात येते. अशा वेळी आधी ६४ बिटचे विंडोज टाकावे लागेल, आणि त्यासाठी जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर मिळतात का, हे आम्ही तपासून सांगतो.

काही ग्राहकांना आम्ही रॅम न घेण्याचाही सल्ला देतो. टास्क मॅनेजरमध्ये नेहमीचे काम चालू असताना मेमरी निम्मीच भरलेली दिसत असेल आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर अडकलेली असेल, तर रॅमवर खर्च करण्यापेक्षा जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. तसेच रॅम वाढवल्याने जुने यंत्र विंडोज ११साठी पात्र ठरत नाही, कारण तेथे प्रोसेसर आणि सुरक्षा चिप यांच्याही अटी आहेत.

दुकानात येताना शक्यतो जुनी रॅम काढून सोबत आणावी, किंवा तिच्या लेबलचा आणि बोर्डावर छापलेल्या मॉडेल क्रमांकाचा स्पष्ट फोटो आणावा. रॅम काढण्यापूर्वी वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढावी, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि मगच रॅम कडेने धरावी. सोनेरी पट्टीला बोटे लावू नयेत, कारण आपल्या दमट हवेत घामाचा डाग तेथे लवकर धरतो. पावसाळ्यात आणताना ती प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटी न टाकता मूळ पाकिटात किंवा कोरड्या कागदात गुंडाळावी.

यंत्र आमच्याकडे ठेवल्यास नवी रॅम बसवून रात्रभर मेमरी चाचणी चालवली जाते आणि एकही चूक आढळली तर ती रॅम बदलून दिली जाते. काढलेली जुनी रॅम आम्ही ग्राहकाला परत देतो.