टॉक रेडिओच्या व्यवस्थापकाची खुर्ची कुणी काढली?

अमेरिकेतल्या एखाद्या शहरात टॉक रेडिओच्या, म्हणजे गाण्यांऐवजी चर्चा ऐकवणाऱ्या स्टेशनाच्या, प्रोग्रॅम डायरेक्टरला (कार्यक्रम ठरवणाऱ्या व्यवस्थापकाला) घरी पाठवलं, की वाद लगेच राजकारणावर येतो. तो फार डावा होता की फार उजवा, यावर दोन दिवस जातात आणि मग कुणीतरी १९८७ साल काढतं. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्न हाताळा आणि विरुद्ध मतालाही जागा द्या, असा स्टेशनांसाठीचा १९४९ पासूनचा नियम त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या प्रसारण नियामक आयोगाने रद्द केला. संसदेने तो कायद्यात आणायचा प्रयत्न केला होता, पण अध्यक्षांनी नकाराधिकार वापरला.

१९८७ मुळे हवेत काय ऐकू येऊ लागलं, ते कळतं. स्टेशनातली व्यवस्थापकाची खुर्चीच का नाहीशी झाली, ते मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी १९९६ कडे जावं लागतं, आणि या वर्षाबद्दल फार कमी बोललं जातं याची मला खंत वाटते.

आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला आजही परवानगी नाही, त्यामुळे या खुर्चीचं वजन पटकन लक्षात येत नाही. सकाळी कुठला निवेदक बसवायचा, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाला किती वेळ द्यायचा, पूर आला तर ठरलेला कार्यक्रम तोडून फोन लाइन कधी उघडायच्या, हे सगळं एक माणूस ठरवत असे. तो त्याच गावात राहायचा आणि चुकला तर भाजी घेताना लोक त्याला गाठायचे.

संगीत एफएमवर गेल्यावर रिकाम्या पडलेल्या एएम लहरी बोलण्यानेच भरल्या. १९८८ पासून एक देशव्यापी दुपारचा कार्यक्रम उपग्रहावरून स्टेशनांना मिळू लागला. तो घ्यायला रोख पैसे मोजावे लागत नव्हते, त्यातली जाहिरातीची काही मिनिटं पुरवठादाराला द्यायची एवढंच. स्थानिक निवेदकाचा पगार त्यामुळे एकदम महाग दिसू लागला. तरीही मालक गावातला किंवा निदान मोजकी स्टेशनं असलेला होता, तोवर व्यवस्थापक टिकून होता.

१९५३ पासून तीस वर्षं एका मालकाला देशभरात सात एएम आणि सात एफएम एवढीच मुभा होती. पुढे ती बारा, अठरा, वीस अशी वाढत गेली. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी सही झालेल्या दूरसंचार कायद्याने देशपातळीवरची मर्यादा काढूनच टाकली, आणि पंचेचाळीस किंवा त्याहून जास्त स्टेशनं असलेल्या शहरात एका मालकाला आठपर्यंत स्टेशनं ठेवायची सूट दिली. स्पर्धा वाढेल हे कारण सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात चाळीसच्या आसपास स्टेशनं असलेली एक कंपनी काही वर्षांतच बाराशेच्या पुढे गेली. आठ स्टेशनं एका इमारतीत आली की आठ प्रोग्रॅम डायरेक्टर कशाला हवेत, हा प्रश्न हिशेबनीसाने विचारणं ओघानेच आलं. शिवाय ही खरेदी कर्जावर झाली होती, म्हणून तो प्रश्न दर तिमाहीला पुन्हा येत राहिला. बाराशेच्या पुढे गेलेल्या याच सर्वांत मोठ्या साखळीने २०१८ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा तिच्या डोक्यावर सुमारे २० अब्ज डॉलरचं कर्ज होतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ८१० एएमवर हे सगळं एकाच स्टेशनात घडलं. पन्नास हजार वॉटचं हे स्टेशन सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून जवळपास तीस वर्षं त्या भागात पहिल्या क्रमांकावर होतं आणि त्याचा भर स्थानिक निवेदकांवर होता. २००७ मध्ये मालक बदलला. २००९ मध्ये नवा मालक दिवाळखोरीत गेला. त्याच सुमारास श्रोते मोजायची पद्धतही बदलली. लोकांनी आठवून डायरी भरायची, ते जाऊन अंगावर बाळगायचं मीटर आलं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने डायरीत लिहिलं जाणारं नाव मागे पडलं. तीन दशकांहून अधिक काळ स्टेशन सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाने २०१० मध्ये राजीनामा दिला. पुढच्या वर्षी आणखी एका साखळीने ते विकत घेतलं, आणि डिसेंबरमध्ये बहुतेक निवेदकांना एका फटक्यात काढलं.

श्रोते उरले नव्हते म्हणून काढलं, असं मालकांच्या बाजूने सांगितलं जातं. श्रोते घटले हे खरंच आहे. पण त्यांना बांधून ठेवणारी माणसं कर्जाच्या हप्त्यांपायी आधी कमी केली, हेही तितकंच खरं आहे.

यानंतर नियमांनीही साथ सोडली. स्टेशनाचा मुख्य स्टुडिओ त्याच भागात असला पाहिजे, हा जवळपास ऐंशी वर्षं जुना नियम ऑक्टोबर २०१७ मध्ये नियामक आयोगात तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला. लोकांसाठी स्थानिक किंवा टोल-फ्री फोन नंबर तेवढा ठेवावा लागतो. जानेवारी २०२० मध्ये सर्वांत मोठ्या साखळीने मोठी कपात करताना कृत्रिम बुद्धिमत्तेचा आणि ‘सेंटर्स ऑफ एक्सलन्स’चा उल्लेख केला. मधल्या नि लहान शहरांतलं काम बाहेरून चालवण्याची ही व्यवस्था.

८१० एएमवरची चर्चा ६ ऑक्टोबर २०२२ रोजी सकाळी अचानक थांबली आणि पैशांवरची गाणी वाजू लागली. चार दिवसांनी त्याच लहरीवर खेळांवरच्या सट्ट्याचे कार्यक्रम सुरू झाले.