खारी हवा आणि संगणकाचा पंखा

मे महिन्यात मालवणात ३३-३४ अंशांतही जीव नकोसा होतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. संगणकातल्या चिपला घामच येत नाही, त्यामुळे तिला कळतं ते फक्त हवेचं तापमान. नागपूरच्या ४४ अंशांपेक्षा तिला मालवण कितीतरी सुसह्य!

किनाऱ्यावर तिचा खरा शत्रू आहे मीठ. वाऱ्यासोबत आलेले मिठाचे कण सर्किट बोर्डवर बसतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं. त्या खाऱ्या ओलीतून नको तिथे वीज वाहते आणि तांबं गंजतं. पंखा दिवसभर पूर्ण वेगाने पळवला, तर जास्त हवा आत येते आणि तिच्यासोबत जास्त मीठही.

शिवाय बोर्ड थोडा उबदार राहणंच इथे हिताचं आहे. पावसाळ्यातली २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ४० अंशांच्या बोर्डला भिडली की तिथली आर्द्रता ४४ टक्क्यांच्या आसपास उतरते. एवढ्यात मीठ पाझरत नाही. म्हणून कोकणात पंखा तापमानाच्या हुकमावर फिरणं मला फार मोलाचं वाटतं.

हे काम मोहरीएवढा थर्मिस्टरही, म्हणजे तापमानानुसार विजेला होणारा रोध बदलणारा छोटा भाग, करू शकतो. २५ अंशांना १० किलोओहम असलेला त्याचा रोध ५० अंशांना साडेतीनच्या आसपास येतो. त्यावरून पंखा चालवणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, तापमान ओळखतो आणि चार तारांच्या पंख्याला एका तारेवरून सेकंदाला सुमारे २५,००० वेळा चालू-बंद होणारा इशारा पाठवतो. त्यातला ‘चालू’चा वाटा वाढला की वेग वाढतो. वेग निम्मा केला तर हवाही निम्मी होते, पण पात्यांना लागणारी शक्ती जवळपास आठव्या हिश्श्यावर येते. आवाजातला फरक तर लगेच जाणवतो.

पंखा ४५ अंशांना सुरू होत असेल, तर बंद ४० ला व्हावा. दोन्हींसाठी एकच आकडा ठेवला तर तो सारखा चालू-बंद होत राहतो.

फेऱ्या मोजणारी तारही जोडलेली हवीच. तिच्यावर बहुतेक पंखे दर फेरीला दोन ठोके देतात. बेअरिंग गंजून पंखा अडकला की ठोके थांबतात, आणि चिप तापायच्या आधी कंट्रोलर इशारा देऊ शकतो.