सर्किट बोर्डाच्या एका प्रोजेक्टला इतक्या फाइली का?

सर्किट बोर्ड आखायच्या कीकॅड या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नवा प्रोजेक्ट सुरू केला की फोल्डरमध्ये लगेच वेगवेगळ्या फाइली दिसू लागतात. प्रोजेक्टची ‘कीकॅड_प्रो’, स्कीमॅटिकची, म्हणजे सर्किटच्या नकाशाची, ‘कीकॅड_एससीएच’, बोर्डाची ‘कीकॅड_पीसीबी’. पुढे लायब्ररींचे (पार्टांच्या चित्रांच्या संग्रहांचे) तक्ते, बॅकअप, कारखान्याला द्यायच्या गर्बर फाइली यांची भर पडते. नवशिक्याला वाटतं, नावात प्रोजेक्ट आहे तीच मुख्य फाइल, तेवढी मित्राला पाठवली की काम झालं. पण तिच्यात सर्किट नसतंच. असतात नियम आणि सेटिंग. ही विभागणी अशी का पडली, हे समजून घ्यायला संगणकाच्याही मागे जावं लागतं.

तेव्हा सर्किटचा नकाशा कागदावर काढला जाई आणि बोर्ड वेगळ्या पारदर्शक फिल्मवर तयार होई. त्या फिल्मवर दुप्पट किंवा चौपट मापात काळ्या चिकटपट्ट्या लावायच्या आणि कॅमेऱ्याने ते चित्र मूळ मापात लहान करायचं. काम दोन ठिकाणी, बहुधा दोन वेगळ्या माणसांच्या हातांत. कुठला पाय कुठल्या पायाला जोडायचा, याची यादी दोघांना बांधून ठेवी. तीच नेटलिस्ट.

संगणक आले आणि हेच विभाग फाइलींमध्ये उतरले. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनात ऑरकॅड आणि ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात प्रोटेल सुरू झालं, १९८८ मध्ये जर्मनीत ईगल. तिन्ही बोर्ड आखायची सॉफ्टवेअर. डॉसमध्ये फाइलीच्या नावाला आठ अक्षरं आणि शेपटाला तीन. एससीएच, बीआरडी, एनईटी ही आखूड शेपटं त्या काळातली.

सगळं एकाच फाइलीत बांधायचा प्रयत्नही झाला. प्रोटेल ९९ मध्ये स्कीमॅटिक, बोर्ड, लायब्ररी हे सगळं ‘डीडीबी’ नावाच्या एका डेटाबेसमध्ये ठेवता येई, आणि तो आतून मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचा असे. पाठवायला सोयीचं, पण एकाच फाइलीला धक्का लागला तर सगळाच प्रोजेक्ट अडकणार. पुढच्या पिढीत त्याच कंपनीने सुट्या फाइली आणि त्यांची यादी ठेवणारी छोटी प्रोजेक्ट फाइल हा मार्ग धरला. माझ्या मते तेच बरोबर होतं.

कीकॅडची गोष्ट मात्र जरा थांबून सांगायला हवी. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये हे काम हाती घेतलं. स्कीमॅटिकचा प्रोग्रॅम वेगळा, बोर्डाचा वेगळा, स्कीमॅटिकमधल्या चिन्हाला फुटप्रिंट (बोर्डावर पार्ट बसवायच्या जागेचा आराखडा) नेमून द्यायचा तिसराच, आणि मधे नेटलिस्टची फाइल. यात एक खोच होती. बोर्डाच्या फाइलीत प्रत्येक फुटप्रिंटची पूर्ण प्रत असे, पण स्कीमॅटिकमध्ये चिन्हाचं फक्त नाव. चित्र लायब्ररीत. लायब्ररी जागेवर नसली की रेझिस्टर, आयसी यांच्या जागी नुसते चौकोन आणि आत प्रश्नचिन्हं. तारा जागच्या जागी, पार्ट मात्र गायब. त्यावर उतारा म्हणून ‘कॅश’ लायब्ररी आली: वापरलेल्या चिन्हांची प्रत प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये. ती पाठवायला विसरलं की पुन्हा तेच चौकोन.

दुसरी अडचण मापाची. जुन्या बोर्ड फाइलीचं एकक होतं इंचाचा दहाहजारावा भाग. त्यात ०.१ मिलिमीटर म्हणजे ३९.३७ एककं, आणि अपूर्णांकाला जागा नाही. मिलिमीटरमध्ये काम करणाऱ्याचं माप दरवेळी किंचित सरकायचं. नव्या रचनेत आतलं एकक नॅनोमीटर झालं आणि हा त्रास मुळापासून गेला.

फाइलीचा साचाही तेव्हाच बदलला. स्पेक्ट्रा या ऑटोराउटरच्या, म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या आपोआप आखणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलींवरून घेतलेली कंसांची रचना आली. आजची बोर्डाची फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. तांब्याची एक रेघ म्हणजे एक कंस: सुरुवात कुठे, शेवट कुठे, रुंदी किती, कोणता थर, कोणतं नेट (जोडणी). माणसाला वाचता येते, आणि गिट या बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीत ठेवली तर काल आणि आज यांतला फरक ओळीओळीने दिसतो. बोर्डाला हा साचा २०१५ च्या चौथ्या आवृत्तीत मिळालेला होता. स्कीमॅटिकला मात्र डिसेंबर २०२१ मधल्या सहाव्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागलं. मधल्या काळात, २०१३ पासून, सर्न ही संशोधन संस्थाही या कामात उतरली होती.

सहाव्या आवृत्तीने चिन्हांची पूर्ण प्रत स्कीमॅटिकच्या फाइलीतच ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे कॅश लायब्ररीची गरज संपली. प्रोजेक्ट फाइलही दोन झाल्या. ‘कीकॅड_प्रो’मध्ये सगळ्यांना लागू असलेले नियम, आणि ‘कीकॅड_पीआरएल’मध्ये कोणते थर दिसत ठेवलेत अशा ज्याच्या-त्याच्या सवयी. दुसरी फाइल गिटमध्ये टाकू नये. नाहीतर एकाने थर लपवला एवढ्यानेही फाइल बदललेली दिसते.

आपल्याकडे बऱ्याच विद्यार्थ्यांची या फाइलींशी ओळख ईसिममधून होते. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं हे मुक्त सॉफ्टवेअर. त्यात सर्किट कीकॅडच्या स्कीमॅटिकमध्ये काढायचं आणि सिम्युलेशन, म्हणजे सर्किट संगणकावर चालवून पाहणं, एनजीस्पाइस हा प्रोग्रॅम करतो. म्हणजे बोर्ड बनवायचा नसला तरी फोल्डर सांभाळणं आलंच.

चिन्हं आत आली, फुटप्रिंट आधीच आत होते, तरी थ्रीडी मॉडेल बाहेरच राहिली. बोर्डाच्या फाइलीत त्यांचा फक्त पत्ता. तो एखाद्याच्या सी ड्राइव्हचा असला की दुसऱ्याच्या संगणकावर कनेक्टर हवेत विरतो. म्हणून जाणकार पत्त्याची सुरुवात ‘केआयपीआरजेएमओडी’ या व्हेरिएबलने करतात. त्याचा अर्थ ‘हा प्रोजेक्ट जिथे आहे तिथून’. २०२५ च्या नवव्या आवृत्तीपासून मॉडेल, फॉण्ट आणि डेटाशीटसुद्धा थेट फाइलीच्या पोटात ठेवता येतात.