साइट-साइज की तुलनेचं मापन?

एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या चित्रशाळांतले मॉडेलवरून केलेले कोळशाचे अभ्यास, ज्यांना तिथे ‘अकादमी’ म्हणत, साइट-साइज पद्धतीने, म्हणजे ठरलेल्या जागेवरून वस्तू जेवढी दिसते तेवढ्याच मापात, काढलेले असतात असं सर्रास सांगितलं जातं. आम्हाला ते पटत नाही; तिथे तुलनेचं मापन चालत असावं.

साइट-साइजमध्ये इझल, म्हणजे चित्राची घोडी, सहसा पुतळ्याला खेटून ठेवतात; फळी डोळ्याच्या जवळ आणली तर चित्र त्या प्रमाणात लहान येतं. 50 सेमी उंचीचा प्लास्टरचा पुतळा असेल तर साधारण दीड मीटर मागे उभं राहायचं आणि पावलांभोवती खडूने खूण करायची. तिथून ओळंबा धरून एखादा बिंदू पाहायचा, पुढे जाऊन कागदावर टिपायचा, पुन्हा मागे यायचं. चित्र आणि पुतळा एकाच मापाचे दिसत असल्याने चूक लपत नाही. पण पाऊल वीतभर सरकलं की सगळी मापं हलतात आणि फळी मागे कलली तर आकृती उभी ताणली जाते.

तुलनेच्या मापनात चित्राचा आकार आपण ठरवतो. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलवर डोक्याची उंची धरायची आणि बाकी शरीर तिच्याशी ताडायचं: उभ्या माणसात साधारण साडेसात डोकी, मध्य जांघेपाशी. कोपर जरा वाकलं तरी एकक बदलतं. नवशिक्या डोक्यापासून सुरुवात करतो, ते किंचित मोठं होतं आणि पावलं कागदाबाहेर जातात. म्हणून आधी टाळू आणि टाच, मग मध्य, डोकं त्यानंतर.

आता हिशेब पाहा. गजबजलेल्या वर्गात पुढची रांग बुटक्या स्टुलांवर, मांडीवर फळी घेऊन बसे. डोळ्यापासून फळी 60 सेमीवर आणि 170 सेमी उंचीचा मॉडेल 3 मीटरवर असेल, तर साइट-साइजने आकृती 34 सेमीचीच येते. अकादमीचा कागद मात्र सुमारे 60 सेमी उंच आणि आकृती तो जवळजवळ भरून टाकते. तेवढी मोठी आकृती साइट-साइजने हवी तर मॉडेल 5 मीटरवर आणि फळी पावणेदोन मीटरवर लागेल. म्हणजे प्रत्येकाला येरझाऱ्यांसाठी मोकळी पट्टी हवी, आणि ती तिथे नव्हती. अमेरिकन चित्रकार सार्जंट व्यक्तिचित्रासाठी कॅनव्हास समोरच्या माणसाशेजारी ठेवून मागे-पुढे करत, पण ते स्वतःच्या स्टुडिओत.

घोटाळ्याचं एक कारण बार्ग आणि जेरोम या फ्रेंच चित्रकारांच्या, विद्यार्थ्यांनी नक्कल करण्यासाठीच्या, 1866 ते 1871 मधल्या नमुनाचित्रांत असावं. ती शेजारी ठेवून त्याच आकारात उतरवली, तर हात साइट-साइजसारखाच चालतो.